पुढचे आठ मैल

निधी कॅनडात बसली होती आणि शंतनू अमेरिकेत उभा होता. दोघांमध्ये अंतर चार पावलांचं.

"ऊठ तिथून," शंतनू दबक्या आवाजात म्हणाला. "बॉर्डर आहे ती."

निधी उठली नाही. ती काही ठरवून तिथे गेली नव्हती. चार दिवस पाठीवर ओझं घेऊन चालल्यावर तिला एक कोरडा ओंडका दिसला आणि ती त्यावर बसली, एवढंच. ओंडका कुठल्या देशाचा आहे याची चौकशी तिने केली नव्हती.

२००६ सालचा सप्टेंबर संपत आला होता. थेट मेक्सिकोच्या सीमेपासून निघालेली ही पायवाट वॉशिंग्टनच्या जंगलांतून इथे येऊन संपते. तिचा शेवटचा तुकडा चालायची हौस शंतनूची. पुण्यात असताना तो दर रविवारी एखादा गड चढायचा. अमेरिकेत येऊन रेडमंडच्या ऑफिसात बसून गुडघ्यांना गंज चढला, अशी त्याची तक्रार होती. निघताना जंगलखात्याच्या रेंजरने बजावलं होतं, की झाडं आडवी झाली आहेत, चिखल फार आहे, वरच्या खिंडीत कधीही बर्फ पडेल. शंतनूने सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला शोभेल अशी मान डोलावली होती. रेंजरचं अक्षरन् अक्षर खरं निघालं. पडलेल्या झाडांखालून रांगत, गुडघाभर चिखल तुडवत दोघं एकदाची शेवटच्या खांबाशी पोचली. जंगलात मधोमध भांग पाडावा तशी झाडं कापलेली होती. तीच सीमा. ना कुंपण, ना शिपाई.

"पुढे आठ मैलांवर रोड आहे," निधी म्हणाली. "हॉटेल आहे, गरम पाणी आहे. काल भेटलेले सगळे तिकडेच गेले."

"ते इथलेच नागरिक, त्यांना चालतं. आपल्याकडे कॅनडाचा व्हिसा नाही. खांबाला हात लावायचा आणि परत फिरायचं."

"परत? तीस मैल? आणि हे तू मला आत्ता सांगतोयस?"

"आधी सांगितलं असतं तर आली असतीस का?"

शंतनू मुळात भित्रा नव्हता. ग्रीन कार्डचा अर्ज केला तेव्हापासून झाला. सिग्नल पिवळा व्हायच्या आतच तो ब्रेक दाबायचा. जंगलात पडलेलं देवदाराचं फळसुद्धा उचलू द्यायचा नाही. नवा सोफा, मांजर, मूल, सगळ्याला त्याचं एकच उत्तर, "ग्रीन कार्ड येऊ दे." डिसेंबरमध्ये नागपूरला निधीच्या धाकट्या बहिणीचं, अस्मिताचं लग्न होतं. तिथेही हेच. भारतात गेलं की परत येण्याआधी पासपोर्टवर अमेरिकेच्या व्हिसाचा नवा शिक्का घ्यावा लागतो. शंतनूच्या ऑफिसातला एकजण त्या शिक्क्यापायी चार महिने मुंबईत अडकून पडला होता. त्यामुळे लग्नाचा विषय निघाला की शंतनूला एकदम भांडी घासायची आठवण व्हायची. चार दिवस जंगलात दोघंच असू, तेव्हा ह्याचं मन वळवू, म्हणून तर निधी ह्या चिखलात उतरली होती.

तेवढ्यात मागून एक अमेरिकन आजी आल्या. बरोबर कुत्रा. मागच्या खिंडीत सकाळपासून बर्फ पडतोय, पुढची वाट मात्र छान आहे, चला माझ्याबरोबर, असं त्या म्हणाल्या. कुत्र्याने खांबाशी एक पाय वर केला, कॅनडात जाऊन निधीचा हात चाटला, अमेरिकेत येऊन शंतनूचे बूट हुंगले आणि पुन्हा कॅनडात पळाला. शंतनूने आजींना "थँक यू, वी आर फाइन" म्हणून वाटेला लावलं.

"कुत्रासुद्धा गेला, यार," निधी म्हणाली.

"त्याचं कुठे ग्रीन कार्ड अडलंय?"

"लग्नाला मी एकटी जाते," निधी म्हणाली. "कुणी विचारलं थोरले जावई कुठे आहेत, तर सांगेन बॉर्डरवर आहेत. लोकांना वाटेल मिलिटरीत गेले."

बोलताना तिला हसू यायला हवं होतं, आलं रडू. ते त्याला दिसू नये म्हणून ती झटक्यात उठली आणि "आई गं!" करून खाली कोसळली. पोटरीत गोळा आला होता.

"नाटक नको हं, निधी," शंतनू अमेरिकेतून म्हणाला.

निधीने पोटरी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"अंगठा ओढ! स्वतःकडे ओढ!"

पाठीवरच्या ओझ्याने तिला पुढे वाकताच येईना. चेहरा पांढरा पडला. दातांवर दात दाबूनही तोंडातून कण्हणं निघालंच.

दुसऱ्या क्षणी शंतनू तिच्या पायाशी गुडघे टेकून बसला होता. त्याने तिचा बूट उपसून काढला, चिखलाने भरलेला मोजा काढला, अंगठा मागे दाबून धरला आणि दुसऱ्या हाताने पोटरी चोळायला लागला. हळूहळू गोळा सुटला. निधीचा श्वास संथ झाला. समोर अमेरिका होती, आणि तिथे कुणीच उभं नव्हतं. दचकून त्याने पाय सोडून देऊ नये म्हणून ती अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "शंतनू, तू कॅनडात आहेस."

त्याने मान वर केली नाही.

"माहीत आहे," तो म्हणाला. "पाय सरळ कर आधी. अस्मिताच्या लग्नात काय लंगडत फिरणार आहेस?"