मऊ की कडक

“डोळे मिटा, बाबा.”

बाबांनी डोळे मिटले आणि काउंटरवर हात पसरला. खेळ नेहमीचाच होता. लेकीच्या रिमोटवर चालणाऱ्या शर्यतीच्या ट्रकला नवी चाकं घ्यायची वेळ आली, की निवड बाबांनी करायची आणि तीही डोळे मिटून. टायर बोटानं दाबायचा आणि मऊ की कडक ते सांगायचं. इतक्या वर्षांत एकदाही चुकले नव्हते. आज मात्र तिला तशी खात्री वाटत नव्हती.

गेल्या रविवारच्या शर्यतीत ट्रक उडी मारून असा आदळला, की चारही चाकांच्या रिम तडकल्या. दुकानदारानं नव्या चाकांची दोन पाकिटं पुढे ठेवली. टायरची नक्षी एक, माप एक, फरक फक्त रबराचा. कडक टायर टिकतो, पण सुक्या मातीत वळणावर दगा देतो. मऊ टायर माती धरतो, पण बघता बघता झिजतो. कडक टायरचं पाकीट त्यानं फोडलं. दुसऱ्याला हात घातला, तशी तिनं मानेनंच नको म्हटलं.

शर्यतीचं तिला आज काही पडलं नव्हतं. सकाळी बाबांनी गॅसवरचं उकळतं पातेलं उघड्या हातांनी खाली उतरवलं होतं. ना चिमटा, ना फडकं, आणि तोंडातून साधं ‘हाय’सुद्धा नाही. तिनं विचारलं, तर म्हणाले, “अगं, मुरलेले हात आहेत हे.”

त्या हातांचं कौतुक साऱ्या इस्पितळाला होतं. तीस वर्षं बाबा मुलांच्या वॉर्डात रक्त काढत होते. डोळ्यांना दिसत नाही ती शीर यांच्या बोटाला सापडते, असं डॉक्टरसुद्धा म्हणत. उद्या सकाळी तिच्या आठ महिन्यांच्या छकुलीचं रक्त काढायचं होतं. मागच्या खेपेला दुसऱ्या कुणीतरी चारदा टोचलं होतं आणि तो इवलासा हात काळानिळा झाला होता. तेव्हाच बाबांनी जाहीर करून टाकलं होतं, “पुढच्या वेळी मी. एकाच टोचण्यात.”

तिनं कडक टायर त्यांच्या हातात दिला. बाबांनी पहिल्या बोटानं दाबला, फिरवला, पुन्हा दाबला.

“कडक.”

तिचा जीव भांड्यात पडला. उगाच आपण नाही नाही ते मनात आणलं, असं वाटून तिला लाजही वाटली. पण आता सुरुवात केलीच होती. तिनं टायर परत घेतला, दुसरं पाकीट मुद्दाम चुरचुरवलं आणि तोच टायर पुन्हा त्यांच्या हातात ठेवला. दुकानदार काही बोलणार, तोच तिनं त्याच्याकडे डोळे वटारले.

बाबांनी दाबून पाहिलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

“हा बघ! लोणी आहे नुसतं. हाच घे.”

तिनं टायर काढून घेतला नाही.

“पुन्हा एकदा सांगा ना, बाबा.”

आवाज कापला आणि तिथंच ती पकडली गेली. बाबांनी डोळे उघडले. हातातला टायर पाहिला. मग काउंटरवरचं दुसरं पाकीट पाहिलं. त्याची पिन जशीच्या तशी होती.

दुकानदाराला एकाएकी मागचं कपाट आवरायची आठवण झाली.

“केव्हापासून?” तिनं विचारलं.

“दोन महिने झाले. रक्तातल्या साखरेनं बोटांची जाण खाल्ली. आधी टोकं गेली.”

“आणि वॉर्डात?”

“दिसते ती शीर धरतो. नाही दिसली तर चष्म्याचं निमित्त काढतो, सिस्टरला पुढे करतो.”

“छकुलीची दिसत नाही, बाबा.”

“नाही दिसत.”

“मग उद्या काय करणार होतात?”

बाबांनी टायर काउंटरवर ठेवला. “वाटलं, तिची सापडेल. घरचीच तर आहे.”

तिला भयंकर राग आला. आणि त्याच क्षणी त्यांना घट्ट मिठी मारावीशीही वाटली. यातलं काहीच तिला जमलं नाही.

बाबांनी मऊ टायरचं पाकीट ओढलं आणि पिन उचकटून काढली. आतला एक टायर तिच्या हातात दिला.

“वळणं जास्त आहेत. मऊच लागेल,” ते म्हणाले. “तू दाबून बघ. अंगठ्यानं नाही, पहिल्या बोटानं. यापुढे तुलाच बघायचंय.”

तिनं दाबला. टायर मऊ होता. आणि ओलाही होता.

“बाबा, रक्त!”

त्यांनी हात उलटा करून पाहिला. पिन पहिल्या बोटात चांगली खोल गेली होती. थेंब टपोरा झाला आणि ओघळून तळव्यावर आला. बाबा त्याच्याकडे बघत राहिले, वॉर्डात एखाद्या मुलाच्या बोटाकडे बघावं तसे.

“आलं की, एकाच टोचण्यात,” ते म्हणाले. हसायला गेले, पण हसू उमटलं नाही.

तिनं रुमाल काढून बोट गच्च आवळून धरलं.

“उद्या सुई सिस्टरला धरू दे,” बाबा म्हणाले. “छकुलीचा दुसरा हात मी धरीन. मला नाही कळलं, तरी तिला कळेल.”