घट्ट बंद

सासरे न्हाणीघरातून बाहेर आले आणि तिने आधी त्यांचा टॉवेल पाहिला. कोरडा. पुढचे केस तेवढे ओले होते, तेही बेसिनवर चापून बसवल्यासारखे.

"झाली आंघोळ, बाबा?"

"झाली की. मस्त झाली." ते तिच्याकडे न बघता खोलीत निघून गेले.

ती लगबगीने आत शिरली. साबण कोरडा. बादली काल तिने ठेवली होती तशीच उपडी. आणि नळ मात्र टपटपत होता. आज चौथा दिवस. म्हणजे बाबा नळ उघडत होते, आंघोळ करायची विसरत होते, नळ अर्धवट बंद करून बाहेर येत होते आणि वर झाली म्हणून सांगत होते. तिने याबद्दल बरंच वाचून काढलं होतं. सुरुवात अशीच होते, असं जिथे तिथे लिहिलेलं होतं.

फरशीवर पाण्याचा ओघळ आला होता. दीड वर्षाची भिंगरी पाय घसरून पडली तर? लेकीचं हे नाव आजोबांनीच पाडलेलं, एका जागी ठरत नाही म्हणून. तिने नळाच्या मुठीला नॅपकिन गुंडाळला, दोन्ही हातांनी धरून अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावला. मूठ केसभर फिरली. थेंब थांबला. ती श्वास रोखून उभी राहिली. टप्प. तिने पुन्हा आवळला. तिची आणि भिंगरीची आंघोळ आतल्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात होई. हा नळ एकट्या बाबांचा. इथे ती येई ती फक्त नळ बंद करायला. आठवडाभर, येता-जाता, दिसला की आवळ.

दौऱ्यावर गेलेल्या नवऱ्याला तिने फोन लावला.

"आज पण?"

"आज पण. साबण बघितला मी."

"कंटाळा करत असतील गं."

"कंटाळा केला तर केला म्हणतील ना, खोटं कशाला बोलतील? आणि उद्यापासून मी ऑफिसला. दिवसभर पोर त्यांच्याकडे. गॅस चालू ठेवून विसरले तर? खाली फिरायला नेली आणि तिलाच विसरून वर आले तर?"

"तीस वर्षं बस चालवली आहे त्यांनी. एक ओरखडा नाही."

"तेव्हाचं तेव्हा."

मग तो म्हणाला, "पाळणाघराला कळवून टाक मग. पण बाबांना तूच सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं."

पाळणाघरात एकच जागा उरली होती आणि बाराच्या आत कळवायचं होतं. बाराला वीस मिनिटं कमी होती. बाबांच्या खोलीतून हॉर्न ऐकू येत होता. भिंगरी त्यांच्या मांडीवर बसून पातेल्याचं झाकण गरागरा फिरवत होती आणि ते तोंडाने "पों पों, सरका, सरका" करत होते. दाराच्या फटीतून तिने दोनदा पाहिलं. दोनदा मजकूर लिहून खोडला. मग "उद्यापासून नक्की" एवढंच लिहून पाठवून दिलं. तेवढ्यात बेल वाजली.

गळक्या नळासाठी बोलावलेला प्लंबर होता. आत जाऊन त्याने नळाला हात घातला. हात बदलला. तळवा पँटला पुसून पुन्हा बघितलं.

"काय हो ताई, घरात पैलवान ठेवलाय का? कोण बंद करतं हा?"

"सासरे नीट बंद करत नाहीत, म्हणून मी करते."

"आणि उघडतं कोण? मला उघडेना हा!"

त्याने पिशवीतून पान्हा काढला आणि दात-ओठ खाऊन ओढला. नळ कर्रकन किंचाळला.

"सगळ्यांचा हाच गैरसमज," तो आतून खरडत म्हणाला. "गळतंय ना, मग लाव जोर. जोराने काय होतं, आतला वॉशर चेपतो. तो चेपला की अजून गळतं. अजून गळतं म्हणून अजून जोर. अहो, धड नळ दोन बोटांनी बंद होतो. हा बघा, चपटा झालाय नुसता. तुमच्या सासऱ्यांचा काही दोष नाही, हा तुमचा पराक्रम."

पान्ह्याचा आवाज ऐकून बाबा दारात येऊन उभे राहिले होते. भिंगरी त्यांच्या कडेवर होती.

"म्हणजे तुमच्यानेही नाही उघडला? हाताने?"

"कसला उघडतोय, आजोबा! पान्हा लागला, पान्हा."

"खरंच?"

"मग काय खोटं सांगतोय?"

बाबांनी मोकळ्या हाताची मूठ वळली, उघडली, पुन्हा वळली. त्यांच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. चार दिवसांत ते असे हसले नव्हते.

"बाबा," ती त्यांच्याकडे वळली. "नळ उघडत नाही, एवढंच तर सांगायचं होतं. चार दिवस का नाही बोललात?"

"मला वाटलं, माझ्या हातातला जोरच गेला." त्यांनी भिंगरीला कडेवर जरा वर सरकवलं. "आणि हे तुला कळलं असतं सूनबाई, तर उद्यापासून हिला माझ्याकडे ठेवली असतीस का?"