ताठ की लवचिक

“विचार त्याला! दांडा ताठ हवा की लवचिक?” साहेब ओरडला.

हेडकारकून हिलालआप्पा दचकला. साहेबाचं बोट सुरुपसिंगकडे होतं. सुरुपसिंग म्हणजे गवतात हरवलेले चेंडू शोधून आणणारा डोंगरातला माणूस. त्याचं मत विचारायचं म्हणजे साहेबाची मती नक्कीच गुंग झाली होती.

आणि ती व्हायचीच. तोरणमाळच्या पठारावर महिनाभर मुक्काम, रोज गोल्फ, आणि रोज चेंडू नाल्यात. सोबतीला आलेला कप्तान म्हणे, काठीचा दांडा लवचिक घ्या. डॉक्टर म्हणे, ताठ घ्या. कप्तानाने जन्मात एकच चषक जिंकला होता, तोही समोरचा गडी तापाने फणफणला म्हणून. डॉक्टरचं सगळं ज्ञान विलायतेहून टपालाने येणाऱ्या मासिकातलं. कधी याचं ऐकून, कधी त्याचं ऐकून साहेब नवा दांडा करायला सांगे, आणि धामणीच्या झाडाचं लाकूड तासून तासून सुतार मेटाकुटीला आला होता. फटक्याच्या वेळी दोघे विद्वान साहेबाच्या पाठीशी उभे राहत, दांडा कसा वाकतो ते न्याहाळत आणि मग एकमेकांना मूर्ख ठरवत. तेवढ्यापुरतं दोघांचंही खरं होतं.

सुरुपसिंगला या खेळाचं काडीचं कौतुक नव्हतं. साठ पावलं पुढे, साहेबाकडे तोंड करून तो उभा राही आणि चेंडू कुठे पडतो ते बघे. त्याचा जीव अडकला होता जमिनीच्या अर्जात. साहेबाची रीत सगळ्या पठाराला ठाऊक होती. डाव जिंकला की अर्जांवर सह्या. हरला की ‘पुढच्या वर्षी’. सुरुपसिंगला पुढचं वर्ष नव्हतं. सही झाली नाही तर त्याची झोपडी पाडायला शिपाई येणार होते. बापाने दगड वेचून केलेलं भगरीचं शेत सरकारजमा होणार होतं. आणि साहेब उद्या सकाळी डोंगर उतरणार होता.

आज मुक्कामी आलेल्या एका पाहुण्याशी शेवटचा डाव. शेवटचा फटका. नाला ओलांडला की जिंकलं. नेमके तेव्हाच कप्तान आणि डॉक्टर हमरीतुमरीवर आले. साहेबाने वैतागून दोघांना गप्प केलं आणि सुरुपसिंगला पुढून बोलावून घेतलं.

“सांग रे,” हिलालआप्पाने नाक वर करून विचारलं, “कोनती काठी चांगली शे?”

सुरुपसिंगने एकच वाक्य उच्चारलं. हिलालआप्पाचा चेहरा उतरला. साहेबाला मराठी परीक्षेपुरती येत होती, अहिराणी तर मुळीच नाही. हिलालआप्पाने कप्तानाकडे पाहिलं, डॉक्टरकडे पाहिलं. डॉक्टर जवळ उभा होता.

“हुजूर, ताठ म्हणतो,” तो अदबीने म्हणाला.

डॉक्टरची छाती फुगली. सुरुपसिंग आपल्या जागेवर परत गेला. साहेबाने ताठ दांडा घेतला, अंग पिळलं आणि फटका मारला. चेंडू नाल्यातल्या डबक्यात जाऊन बुडाला.

साहेबाने दांडा भिरकावून दिला. “या जंगल्यांना साधं लाकूडही कळत नाही,” तो गरजला. “सगळे अर्ज पुढच्या वर्षी!” कप्तान खदखदून हसला. डॉक्टरने धामणीच्या जातीलाच दोष दिला. त्या बेशरमांना दुसरं येत तरी काय होतं!

हिलालआप्पा साहेबाच्या तंबूबाहेर अर्जांचं गाठोडं बांधत बसला. सुरुपसिंग त्याच्यासमोर येऊन उभा राहिला.

“आप्पा, तुम्ही साहेबले काय सांगं?”

“ताठ सांगं,” हिलालआप्पा गाठ आवळत म्हणाला. “तुन्हं बोलनं साहेबले सांगाले मी काय येडा शे?”

“मन्हं वावर गयं, आप्पा.”

हिलालआप्पाने गाठोडं उचलून बाजूला ठेवलं. सुरुपसिंग तंबूकडे वळला आणि मघाचंच वाक्य पुन्हा म्हणाला, या वेळी आत बसलेल्या साहेब, कप्तान, डॉक्टर तिघांनाही ऐकू जाईल इतक्या मोठ्याने:

“काठी काय देखतस बठ्ठा? फटका मारतांना साहेब दोन्ही डोया मिटी लेस!”