आत माणूस आहे

कडूबाच्या लेकीचं, पुष्पांजलीचं, लग्न वर्षाच्या आत उरकावं लागलं, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. धाड गावी महादेवरावांच्या बेकरीतली मोठी भट्टी बिघडली होती. विजेवरची भट्टी, माणूस उभा राहील एवढी. ट्रे लावलेला अख्खा गाडा आत ढकलायचा. वरचे पाव करपत होते आणि खालचे पांढरेच राहत होते.

कडूबाची सून वंदना पाना घेऊन आत शिरली. कडूबा दारापाशी उभा राहिला. बोर्डातले चिनी मातीचे तिन्ही फ्यूज त्यानं काढून घेतले होते आणि खांद्यावरच्या रुमालाच्या टोकात गाठ मारून ठेवले होते. हा त्यांच्या घरचा नेम. एक जण आत, एक जण बाहेर. फ्यूज बाहेरच्याजवळ. आतला माणूस काम संपवून हात पुढे करेपर्यंत गाठ सुटायची नाही, मालक काही का म्हणेना.

पत्र्यामागचा पंखा आसावर ढिला झाला होता. मोटर फिरायची आणि पंखा जागेवरच. वंदनानं बोल्ट आवळला, पत्रा बसवला आणि घामानं निथळत बाहेर आली.

"द्या, मामंजी."

कडूबा भट्टीच्या दाराकडेच पाहत होता.

"गोकुळ निघू दे."

तिचा पुढे केलेला हात तसाच राहिला.

"आत मीच होती, मामंजी."

"तू पाना द्याले गेलती. काम तो करून राह्यला. मले का समजत नाई?"

महादेवरावांनी ट्रेवरचं ओलं फडकं उचलून पाहिलं. दुसऱ्या दिवशी बाजार होता आणि पाव फुगून ट्रेच्या काठावर आले होते.

"कडूबामामा, पीठ पार उतू चाललं. तुमच्या सुनेले काम देलं तं गावातले लोकं हसले मले. बुलढान्याहून मिस्त्री आनला असता तं एवढ्यात दोन घाणे निघाले असते."

"पीठ पुन्हा मळता येते," कडूबा म्हणाला. "आत मानूस हाय."

"कोनता मानूस? अवो, गोकुळ तं..."

"महादेवभाऊ!"

वंदना एवढ्या मोठ्यानं कधी बोलत नसे. महादेवराव थांबले.

लेक गोकुळ गेला, हे कडूबाला कितीदा तरी सांगून झालं होतं. दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा ऐके, भिंतीला डोकं टेकून रडे, आणि सकाळी उठून विचारी, दारातली मोटारसायकल कुठे गेली? शेवटी घरातल्यांनी सांगणं सोडून दिलं होतं. भट्टीच्या दारातली राखण मात्र तो विसरला नव्हता.

महादेवराव जवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "म्हातारं मानूस हाय. गाठ सोडून घे ना तूच. नाईतं मले दुसरा मिस्त्री पाहा लागीन, बाई. कायमचा."

वंदनानं म्हाताऱ्याच्या खांद्यावरच्या रुमालाकडे पाहिलं. मग पाना उचलला आणि ती पुन्हा भट्टीत शिरली. दार तिनं आतून ओढून घेतलं, हात जाईल एवढी फट ठेवून.

आत अंधार होता. पत्र्यात सकाळची धग अजून होती. काम झालं की गोकुळ ठोकायचा, तसा तिनं पाना पत्र्यावर ठोकला.

"झालं का रे?" बाहेरून आवाज आला.

तिनं पुन्हा ठोकलं.

"बोल ना बे! तोंडात काय गोटा धरला?"

"झालं, आबा."

आवाज पत्र्यात घुमला. बाईचा की बाप्याचा, काही कळेना.

गाठ सुटताना तिला फटीतून दिसली. तिनं हात बाहेर काढला. कडूबानं एक फ्यूज तळहातावर ठेवला. दुसरा ठेवला. तिसरा ठेवला, आणि त्याची बोटं तिथेच थांबली. मग ती मनगटावर आली, मनगटाभोवती फिरली, कोपरापर्यंत गेली आणि परत मनगटाशी आली.

"बांगड्या काऊन नाईत, वंदने?"

आत तिनं फ्यूजवर मूठ मिटली.

"भट्टीत तापतात, मामंजी. काढून ठेवल्या."

"हाव," तो म्हणाला. पण मनगट त्यानं लगेच सोडलं नाही.

ती बाहेर आली. कोणाकडे न पाहता तिनं फ्यूज बोर्डात बसवले. महादेवरावांनी बटणाकडे हात नेला, तसा कडूबानं आपला हात वर करून त्यांना थांबवलं. त्यानं टॉर्च घेतला आणि दारातून आत वाकला. उजवा कोपरा पाहिला. डावा पाहिला. पंख्यावरच्या पत्र्यावर उजेड धरून तो बराच वेळ तसाच उभा राहिला. महादेवरावांनी ट्रेकडे एकदा पाहिलं आणि बटणाकडे नेलेला हात मागे घेतला.

मग त्यानं ते जड दार दोन्ही हातांनी लोटलं, खटका लावला आणि रिकामा रुमाल झटकून खांद्यावर टाकला.

"आत कोनी नाई," तो म्हणाला. "करा चालू."

गोकुळ आदल्या वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, याच भट्टीचं काम करून मोटारसायकलवर घरी येताना, रस्त्यात वारला. कडूबा या उन्हाळ्यानंतरच्या कोजागरीला वारला.