बरकतीचा चिखल

टिंबक्टूची मोठी मशीद दरवर्षी लिंपून झाली, की उरलेला चिखल सालामाता घरी आणायची आणि बरकतीसाठी आपल्या दाराच्या कडांना थरावर थर थापायची. मिठाच्या तांड्याबरोबर वाळवंटात गेलेला तिचा नवरा हामादून काडीसारखा वाळून परतायचा आणि सुळकन आत शिरायचा. मग ती त्याला दूध-बाजरी चारून चारून गुबगुबीत करायची.

यंदा तांडा निघाला, तर हामादून दारातच अडकला! बाहेरून सोबत्यांनी उंट जुंपून ओढलं, तरी हलेना.

"अगं, बघतेस काय नुसती? ढकल की मागून!"

सालामाताने त्याचा अंगरखा मागून घट्ट धरला.

"लग्न झाल्यापासून थापतेय हो," ती म्हणाली, "आज कुठे बरकत आली."