सात नंबरचा रंग

"जरा वर धरा, आजोबा. दाताला अगदी चिकटून."

आपेनिसा आजोबांनी चिनीमातीचा रंगनमुना पुढच्या दाताशी नेला. सालानिएता हातभर अंतरावर, त्यांच्याहून खाली बसून पाहत होती. वडीलधाऱ्यांच्या डोक्याला हात लावणे बेटावर निषिद्ध होते, आणि तोंड डोक्यातच येते.

"दहा नंबर," तिने वहीत नोंदले. वय एकाहत्तर, त्वचा गडद, डोळे काळे.

"पोरी, इतकं निरखून तर बायकोनंही कधी बघितलं नाही मला!"

"म्हणून तर संसार टिकला, आजोबा."

सालानिएता भौतिकशास्त्राची शिक्षिका होती. तिला दातांतले कळत नव्हते, रंगमापनातले कळत होते. हा खटाटोप विलिमाइना आत्यासाठी होता. आत्याचे सगळे दात गेले होते आणि त्यांच्याबरोबर चर्चच्या गायनवृंदातली जागाही. राजधानी सुवातल्या, कवळी करणाऱ्या कारागिराने निरोप धाडला होता: वय आणि चेहरा कळवा, रंग मी अंदाजाने ठरवतो.

"त्या मेल्याचा अंदाज मी तोंडात घालू?" आत्या कडाडली होती. "माझे होते तसे दे, नाहीतर बोळकंच बरं."

पण ते कसे होते, हे कुणालाच सांगता येईना. फोटोंत आत्या तोंड मिटूनच बसलेली. तेव्हा सालानिएताने ठरवले, अंदाज नको, पुरावा हवा. वय, त्वचा, केस, डोळे यांचा दातांच्या रंगाशी संबंध असेल, तर तो मोजता येईल. डोंगरापलीकडच्या गावात ती पाच शनिवार चालत गेली. पन्नाशीपुढची चाळीस माणसे, दुपारची एकच वेळ, एकच सावली, आजूबाजूच्या रंगांनी नजर फसू नये म्हणून ओठांभोवती राखाडी कापड.

संबंध सापडला. केसांचा, डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. पण वय आणि त्वचा कळली, की रंग ठरलेलाच. चाळीसपैकी अडतीस उत्तरे बरोबर. इतका स्वच्छ निकाल तिने कधी पाहिला नव्हता. तिने सगळे पुन्हा मोजले. तेच आले.

आत्यासाठी उत्तर निघाले सात. सुवाला तिने हिरड्यांच्या साच्याबरोबर नुसता आकडा पाठवला, चेहऱ्याविषयी अवाक्षर नाही.

कवळी आली. आत्या बराच वेळ आरशासमोर उभी राहिली. "हेच गं. हेच माझे."

पहिले गाणे डोंगरापलीकडच्या गावात झाले. आत्याचा आवाज छपराला भिडला.

मग भाजलेला नीरफणस आणि मासळी आली. आपेनिसा आजोबांनी खिशातून रुमाल काढला, तोंडातले दात काढून त्यात नीट गुंडाळले. शेजाऱ्याने तेच केले, मग त्याच्या शेजाऱ्याने. चटईभर रुमाल दिसू लागले.

"आजोबा, हे..."

"जेवताना टोचतात गं. एरवी पाहुण्यांपुढं लावतो, चर्चमध्ये लावतो. तू मोजायला यायचीस तेव्हाही मी सगळ्यांना बजावलं होतं, मास्तरीणबाई येतायत, बोडक्या तोंडानं बसू नका."

"केले कुणी?"

"सुवाचा तो कारागीर. मोठा हुशार माणूस. वय विचारतो, चेहऱ्याकडं एकदा बघतो, आणि रंग झटकन सांगून मोकळा होतो."