कानाशेजारून

पोलिसात नव्याने भरती झालेल्या साक्रीकडच्या हेमलताला रायफल चालवायला शिकवता शिकवता उस्ताद शालिग्राम मेटाकुटीला आले होते. उद्या परीक्षा, आणि नापासाला थेट घरचा रस्ता.

"श्वास रोख. चाप हळू ओढ!"

तरी पाचवी गोळीही कागदावरच्या माणसाच्या कानाशेजारून गेली. तणतणत ते कागदापाशी गेले, तर पाचही भोकं एकमेकांना चिकटलेली.

"अगं, हात एवढा स्थिर, मग नेम चुकतो कसा?"

"चुकला नाही, उस्ताद. ज्वारी राखताना बा सांगायचा, गोफणीचा दगड पाखराच्या शेजारून जाऊ द्यायचा. मारायचं नाही, नुसतं उडवायचं."

"अगं माय, हा कागद शे!" उस्ताद तिच्याच बोलीत ओरडले. "हा कसा उडेल?"

"तेच तर, उस्ताद! उडेचना, म्हणून तर बठ्ठ्या पाचही गोळ्या संपल्या."